जयप्रकाश सरांची ओली भिंत

सीवूड्सच्या त्या सोसायटीत कुणाला गाडी धुवायची असो, गाद्या उन्हात टाकायच्या असोत की पाहुण्यांना खाडीकाठी फिरायला न्यायचं असो, आधी जयप्रकाश सरांना विचारायची पद्धत होती. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यासमोर, जिथे सापडतील तिथे. "सर, आज काय म्हणतोय?" असं म्हणून वर बोट करायचं. बोट आकाशाकडे असायचं, पण सर पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. त्यामुळे नव्या वॉचमनला बरेच दिवस वाटत होतं, की सरांच्याही डोक्यावर कुणीतरी भाडेकरू राहतो आणि त्याचं सगळ्यांशी काहीतरी वाकडं आहे.

सर भूगोलाचे. नेरूळच्या एका शाळेत त्यांची अख्खी नोकरी वारे, ढग, आर्द्रता आणि पाऊस यांत गेली. दरवर्षी तेच धडे, तीच आकृती, आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा बाण उलटा काढणारी नवी पोरं. दरवर्षी एकदा सर घरून स्टीलचा ग्लास न्यायचे, त्यात बर्फ टाकून टेबलावर ठेवायचे. ग्लासाला बाहेरून थेंब धरले की विचारायचे, "सांगा, हे पाणी आलं कुठून?" आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "ग्लास गळतोय, सर!" वर्ग खिदळायचा. सर मग थकलेल्या आवाजात सांगायचे, की बाबांनो, पाणी हवेतच असतं, दिसत नाही इतकंच. गार वस्तूला ती हवा टेकली की तिच्याच्याने एवढं पाणी धरवत नाही, ती ते सोडते. वर आकाशात असंच होतं तेव्हा त्याला आपण ढग म्हणतो.

निवृत्त झाल्यावर हे सगळं एकदाचं संपलं, असं त्यांना वाटलं होतं. पण एका गणपतीत महाप्रसादाच्या पंगती मोकळ्यावर मांडल्या होत्या, आणि सरांनी पारसिकच्या डोंगरावर फुलकोबीसारखा चढलेला ढग बघून "पानं आत घ्या" असं सहज सांगितलं. पानं पार्किंगमध्ये गेली आणि बाहेर धो धो सुरू झालं. पुऱ्या वाचल्या आणि सर अडकले. तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी हवामान टाकणं त्यांच्या गळ्यात पडलं. एक दिवस टाकलं नाही तर बी विंगची मनाली विचारायची, "सर, बरे आहात ना? की आज हवामान नाहीच आहे?"

एवढ्या माणसाच्या घरात भिंत ओली व्हावी, यासारखी गंमत नाही. पण ती सरांच्या घरात कुणाला गंमत वाटत नव्हती.

भिंत बेडरूमची. मार्च लागला आणि तिच्यावर बरोबर मध्यभागी एक काळपट डाग उमटला. एप्रिलात तो पोळपाटाएवढा झाला, मग परातीएवढा, आणि मे महिन्यात रंगाचे पोपडे गादीवर पडायला लागले. बुरशीचा वास कपाटात शिरला. सुचित्राबाईंना मुळातच दमा. त्या रात्र रात्र उशीला टेकून बसायला लागल्या. फार बोलणारी बाई नव्हे, पण एका सकाळी चहा पुढ्यात ठेवून त्यांनी सांगून टाकलं.

"अहो, ही भिंत पावसाळ्यापर्यंत कोरडी झाली नाही, तर मी करंजाड्याला अभिरामकडे जाते. कायमची. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

अभिराम म्हणजे मुलगा. त्याचा करंजाड्याचा फ्लॅट मोठा, हवेशीर, सून गुणी. पण तिथे सरांना टीव्हीचा आवाज बारीक ठेवावा लागे आणि चहात साखर मोजून मिळे. शिवाय ज्या घराचे हप्ते फेडता फेडता डोक्यावरचे केस गेले, ते एका डागासाठी सोडायचं? आणि बायकोशिवाय इथे राहायचं, तर सरांना आपला टॉवेल कुठे असतो हेही माहीत नव्हतं. तात्पर्य, भिंत वाळवणं भाग होतं.

सरांनी निदान केलं. सरांना निदान करायला वेळ लागत नसे, तीच तर खोड. "गच्ची गळतेय," ते म्हणाले.

"वरून गळतंय तर वरची पट्टी कोरडी कशी?" सुचित्राबाईंनी विचारलं. "डाग तर मधेच आहे."

"पाणी वाट काढतं, सुचित्रा. त्याला काय आपल्यासारखी घाई असते?"

मग पार्किंगमध्ये जनरल बॉडीची मीटिंग. सेक्रेटरी आशुतोष. हा गडी सेक्रेटरी झाला तो लिफ्टजवळचं पार्किंग मिळावं म्हणून, असं बोललं जायचं. पण बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना तेच पार्किंग हवं होतं, तेव्हा ते सोडून देऊ. आशुतोष म्हणाला, "सर, टेन्शन देताय राव. मे महिना आहे. पाऊस नाय, पाणी नाय, तर गच्ची गळतेय कशी?"

सर उठले. गुडघे धरत उठले, पण उठले की मग मास्तर जागा व्हायचा. त्यांनी समजावलं, की गेल्या पावसाळ्याचं पाणी स्लॅबच्या पोटात मुरलेलं असतं, उन्हाने काँक्रीट तापतं, तसं ते हळूहळू खाली उतरतं. अर्धा तास बोलले. इतकं सुंदर, मुद्देसूद, साफ चुकीचं भाषण त्या पार्किंगमध्ये त्याआधी कुणी केलं नव्हतं.

आणि सगळ्यात जोरात मान कुणी हलवली, तर गोटीरामने.

गोटीराम सरांचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. उरणकडचा आगरी म्हातारा, अख्खं आयुष्य मिठागरात गेलेला. मुलगा कुंदन जमिनीच्या व्यवहारात वर आला आणि त्याने गेल्या दिवाळीत बापासाठी हा फ्लॅट घेतला. मीटिंगला म्हाताऱ्याला खुर्चीसकट खाली आणलं होतं. तो ओरडला, "सर बोलतंय तां बरोबर हाय! पानी कवापन, खयसून पन येतंय. आमचे मिठागरान बांध फुटाचा एकीकरं, नि पानी निंगाचा दुसरीकरं. फोरा ती गच्ची!"

झालं. वर्गणी निघाली, गच्ची फोडली, महिनाभर डोक्यावर हातोडे चालले. सुचित्राबाई तोंडाला पदर लावून धुळीत बसून राहिल्या. नवा थर बसला, त्यावर पांढरा रंग लागला, आशुतोषने त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढला. आणि भिंत? भिंत ओलीच.

"सुकायला वेळ लागतो," सर म्हणाले. पण हे म्हणताना त्यांनी बायकोकडे बघितलं नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. त्याच सुमारास गोटीरामच्या नातीची मोऱ्याला हळद होती. आगरी हळद म्हणजे लग्न परवडलं. म्हातारा लेकीकडे मोऱ्याला गेला तो लवकर परतायचं नाव घेईना. इकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस, खाडीकडून नैऋत्येचा वारा खिडक्या धडाधडा आपटतोय, अंगावरचा सदरा वाळत नाही, मीठ बरणीत चिखल झालंय. आणि अशा दिवसांत, सरांनी सवयीने भिंतीला हात लावला तर भिंत कोरडी. ठणठणीत.

सुचित्राबाईंनी शिरा केला. कित्येक महिन्यांनी त्या आडव्या होऊन झोपल्या. आशुतोषने ग्रुपवर टाकलं, "वॉटरप्रूफिंग सक्सेस! जयप्रकाश सरांचे आभार," आणि खाली टाळ्यांचे हात पडले. सरांना मात्र शिरा गोड लागेना. काहीतरी चुकत होतं. पाऊस नव्हता तेव्हा ओली आणि पावसात कोरडी, असली भिंत त्यांच्या कुठल्या धड्यात नव्हती. पण त्यांना इतका थकवा आला होता, की वाळली ना, मग वाळू दे, असं म्हणून त्यांनी तो विचार गिळला.

मग गोटीराम परतला.

दुपारची वेळ होती. उघडीप होती, आकाशात पिंजलेले उंच ढग होते, त्यांच्याकडून पावसाचं भय नव्हतं. शेजारच्या बाल्कनीत एसीचं यंत्र घरघरलं. सर पलंगावर पडून भिंतीकडे बघत होते. संध्याकाळच्या सुमारास त्यांना भिंतीच्या मध्यावर बारीक चमक दिसली. टाचणीच्या डोक्याएवढे थेंब, शेकडो. बघता बघता दोन थेंब एकमेकांना भिडले, त्यांचा एक झाला, तिसऱ्याला भिडला, जड झाला आणि ओघळला. पाऊस असाच पडतो, हे सरांनी किती पिढ्यांना सांगितलं असेल. ढगातला थेंब इतका हलका, की हवेत तरंगतो. एकमेकांना भेटून जड झाला की त्याला खाली यावंच लागतं.

सरांनी भिंतीला गाल लावला. भिंत बर्फासारखी गार.

खोलीच्या खिडक्या बंद, कारण डास. पलंगाशेजारी स्टँडवर धुतलेले कपडे, कारण बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत हा सोसायटीचा नियम. इमारत बाहेरून देखणी दिसावी म्हणून आशुतोषने तो मांडला होता आणि अनुमोदन खुद्द सरांनी दिलं होतं. सगळ्या चादरी-लुगड्यांचं पाणी त्या कोंडलेल्या हवेत, आणि पलीकडून गोटीरामचा एसी थेट भिंतीवर गार झोत सोडतोय. दोष गच्चीचा नव्हता, तिच्यावरच्या टाकीचाही नव्हता. वर्गातला तो ग्लास होता हा, नुसता आकाराने मोठा. आणि अख्ख्या सोसायटीला जमवून सर सांगत होते काय, तर ग्लास गळतोय!

हसू यायला हवं होतं. सरांना आठवत होतं ते वेगळंच. लोकांची वर्गणी, ते हातोडे, त्या टाळ्या. आपण बोललो नाही तर कुणाला कळणार नाही, हाही विचार येऊन गेला. तो आला आणि चांगला चार-पाच दिवस मुक्काम करून राहिला.

तेवढ्यात सुचित्राबाईंचा खोकला परत आला. त्यांनी माळ्यावरून बॅग काढली, झटकली आणि पलंगावर ठेवली. बॅगेत दोन साड्या पडल्या तेव्हा सरांनी तोंड उघडलं. सगळं सांगितलं, एसी, कपडे, ग्लास, सगळं.

सुचित्राबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं तो ग्लास घासून परत फडताळात ठेवत आले मी. आणि तुम्हाला भिंत ओळखू आली नाही?"

"नाही आली."

"कधी कळलं?"

"झाले... थोडे दिवस."

"म्हणजे मी खोकतेय आणि तुम्हाला ठाऊक होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "मग जाऊन सांगा ना शेजारी."

"सुचित्रा, म्हाताऱ्याला तेवढं एकच सुख आहे गं. जन्मभर उन्हात—"

"त्यांचं सुख आणि माझा श्वास," त्या साडीची घडी घालत म्हणाल्या. "अभिराम रविवारी गाडी घेऊन येतोय. तोवर काय ते बघा."

सर शेजारी गेले. कुंदनच्या बायकोने, मनस्वीने, दार उघडलं आणि ती चहा ठेवायला गेली. म्हाताऱ्याच्या खोलीत शिरताच सरांच्या अंगावर काटा आला. सगळी खोली शीतपेटी. आणि मधोमध पलंगावर गोटीराम, कानटोपी, स्वेटर, वर दोन ब्लँकेटं, बाहेर फक्त नाक.

"ये सर, बस. ती शाल घे नायतर मरशील."

"गोटीरामशेठ, एवढी थंडी वाजते तर एसी कमी का करत नाही?"

"थंडी वाजावी म्हनून तं लावलाय!" म्हातारा खूष होऊन म्हणाला. "मिठागरान उभा जल्म भाजलू. डोक्याव ऊन, पायाखाली मीठ, नि त्या मिठावरसून परत डोल्यान ऊन. तवा ठरवलेला, एक दिस असा येल का मना हुडहुडी भरंल नि मी गोधरी मांगंन. आयला तो दिस. सरगान थंडी भेटंल का नाय, कोनी बगलाय?"

सरांनी शाल घट्ट ओढली. मनस्वीने चहा आणून ठेवला, तो दोन घोटांत थंड झाला. शेवटी सरांनी कपाकडे बघत सगळं सांगून टाकलं.

गोटीराम नाक बाहेर ठेवून ऐकत होता. "म्हंजे टाकी फुटलेली नाय?"

"नाही."

"गच्ची गलत नवती?"

"नाही."

"नि आपुन दोगांनी मिलून ती फोरली?"

"फोडली."

म्हातारा असा हसला की दोन्ही ब्लँकेटं खाली घसरली. मनस्वी धावत आली, म्हाताऱ्याला ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. डोळे पुसत तो म्हणाला, "या वयान एवरा हसलू नवतू, सर. कुंदन्या मीटिंगला बोलत होता, आबा तुमी गप बसा. मी नाय बसलू!" मग एकदम डोळे बारीक करून, "पन सर, थंडी माजी, ती मना कबूल. पानी कोनाचा?"

"आमचं," सर म्हणाले. "आम्ही खोलीत कपडे वाळत घालतो."

"मंग निम्मी भिंत तुजी. आता भाव कर. माजा एसी सोलावर हाय. तू बोल."

सरांनी आयुष्यात कधी भाव केला नव्हता. मेथीची जुडीसुद्धा ते पडत्या पावसात सांगितल्या किमतीला घ्यायचे. "सव्वीस," ते म्हणाले.

"सव्वीस? तां तं भायेर पन हाय, फुकट! सतरा."

"शेठ, सतराला भिंतीवर थेंब धरणारच. हवेतलं बाष्प—"

"बाष्प ठेव बाजूला. भाव कर. अठरा, नि तुझ्या तोंडाकरं बगून."

"सव्वीस."

"आरं, सव्वीस-सव्वीस काय, शालंतला धरा हाय काय हा? माजी बायको म्हावरा इकाची, तिच्या पाटीसमोर तू उभा रायला असतास तं रिकामी पिशवी घेऊन घरी गेला असतास. तू खाली यायचास, मी वर जायचा. आनि जमला नाय तं पाठ फिरवायची. मंग मी हाक मारनार!"

सर खरोखरच दमले होते. दात वाजत होते, गुडघ्यात कळ उठली होती. ते शाल ठेवून उठले आणि दाराकडे निघाले. त्यात युक्ती काहीच नव्हती, घरी जाऊन पडावं एवढंच मनात होतं.

"एकवीस!" मागून हाक आली.

सर थांबले नाहीत. थांबलं तर परत बोलावं लागलं असतं.

"बावीस! आरं सर! बाईंचा खोकला मना पन ऐकू येतंय हां, भिंत जाडी नाय एवरी!" आणि सर उंबरठ्यावर पोचले तशी, "तेवीस! नि तुमचे कपरे आजपासून भायेर. याच्यावर एक पन नाय, मेलू तरी नाय!"

"तेवीस," सर दाराला धरून म्हणाले. मनस्वीने सासऱ्याचा विचार बदलायच्या आत रिमोट दाबला.

"आनि हां," गोटीराम ब्लँकेटात शिरत म्हणाला, "गच्चीचा कोनाला सांगू नको. कुंदन्या मना खाईल."

सर कुणाला बोलले नाहीत. गोटीरामने मात्र ते त्याच संध्याकाळी दूधवाल्याला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, आणि कुंदनला स्वतःच फोन करून, हसत हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी मनालीने जिन्यात सरांना अडवलं, "सर, आमच्या किचनमध्ये पण ढग उतरलाय का, बघून जा ना." आशुतोष दोन दिवस तोंड चुकवत होता. तिसऱ्या दिवशी सर स्वतःच त्याच्या दारात उभे राहिले.

"चूक माझी होती, आशुतोष. ग्रुपवर तसं लिहितो."

"लिवा सर, पण एक करा," तो मान खाजवत म्हणाला. "गच्ची पण जुनीच झालेली, कधीतरी करायचीच होती, असं पण लिवा. मला पण लोकांना तोंड दाखवायचंय."

"लिहितो. आणि मला गच्चीची किल्ली दे. कपडे वाळत घालायचेत."

"नियमात नाय बसत, सर."

"नियमाला अनुमोदन माझंच होतं. ते मागे घेतो."

आशुतोषने किल्ली दिली. एवढ्या वर्षांत सरांनी त्याच्यासमोर कधी इतकं थोडक्यात काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो घाबरला असावा.

भिंत काही एका दिवसात वाळली नाही. पण थेंब धरायचे थांबले, मग डागाची कड मागे सरकली. सरांनी खिडकीला जाळी लावून घेतली आणि खिडकी उघडी ठेवली. हवा दमटच येत होती, पण वाहती होती, कोंडून बसत नव्हती. त्यांनी बुरशी खरवडली, भिंत पुसली. कपड्यांची बादली घेऊन ते गच्चीवर जायचे, आभाळ भरलं की पळत, म्हणजे गुडघे जितकं पळू देतील तितकं पळत, वर जाऊन कपडे काढून आणायचे, आणि उघडीप झाली की परत घालायचे. असल्या दिवसांत एक चादर वाळायला तीन फेऱ्या. ढगांकडे बघण्याचा कंटाळा आलेला माणूस आता दिवसभर तेच करत होता.

शनिवारी दुपारी ते बादली घेऊन निघाले तेव्हा आत फोन वाजला. अभिरामचा होता. सर दाराशीच थांबले.

"अरे, उद्या नको येऊस गाडी घेऊन," सुचित्राबाई म्हणत होत्या. "... नाही, बरी आहे. काल रात्री झोपले मी. ... पूर्ण नाही वाळली, वाळेल. ... हो, परत ओली झाली तर येईन, बॅग काही मी माळ्यावर टाकलेली नाही. ... बाबा? ते कपडे घेऊन वर चाललेत. ... कुठले रे झेपतायत, धापा टाकतात. त्यांना सोडून कशी येऊ सांग मला?"

सरांना बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण गच्चीचा जिना अजून चढायचा होता, आणि बादली जड होती. त्यांनी ती पहिल्या पायरीवर टेकवली, शेजारी आपणही टेकले, आणि आतला फोन संपेपर्यंत भिंतीला डोकं लावून डोळे मिटून बसून राहिले.